‘हाय’चं ‘आहे’ करताना

पुण्याला शिकायला रिहे गावातून निघालो त्या सकाळी मला निरोप द्यायला घरात कुणी मोकळं नव्हतं. जूनचा शेवट होता. भाताची रोपं वर आली होती आणि वडील खाचराच्या बांधाशी पाणी वळवत होते. पाया पडायला गेलो तर त्यांचे पाय घोट्यापर्यंत चिखलात. मी वाकलो, पण हात कुठे लावावा तेच कळेना.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "मास्तर म्हनत्यात पोरगं हुशार हाय, म्हनून धाडतोय. न्हाईतर भात लावायला हितं मानूस कमीच पडतंय."

कौतुक आणि तक्रार त्यांनी एका दमात उरकली आणि पुन्हा फावडं उचललं. आईने तांदळाच्या भाकरी फडक्यात बांधून दिल्या. थोरला भाऊ नामदेव माझी पत्र्याची ट्रंक डोक्यावर घेऊन पिरंगुटपर्यंत चालत आला. एस.टी. आली तेव्हा त्याने ट्रंक टपावर चढवली, खाली उतरला आणि खिडकीशी येऊन म्हणाला, "तितं कुनी काय बोललं तर मला सांगावा धाड. मी येतो."

त्याला वाटत होतं पुण्यात माझी कुणाशी तरी मारामारी होईल. मारामारी झाली असती तर परवडलं असतं, असं पुढे मला पुष्कळदा वाटलं. नामदेव येऊन दोघाचौघांना लोळवून गेला असता. पण पुण्यात कुणी हात उगारत नाही. पुण्यात हसतात.

पन्नासचं दशक संपत आलं होतं. तालुक्याच्या शाळेतून मी पहिल्या नंबराने मॅट्रिक झालो होतो, म्हणून कॉलेजात सायन्सला प्रवेश मिळाला. खेड्यातल्या मुलांसाठी चालवलेल्या एका बोर्डिंगात राहायची सोय झाली. कॉलेजच्या पहिल्या आठवड्यात प्राध्यापकांनी एकेकाला उभं करून नाव-गाव विचारलं. माझी पाळी आली. मी ताठ उभा राहिलो आणि गावच्या शाळेत इन्स्पेक्टरसमोर बोलायचो तसा खणखणीत आवाजात म्हणालो, "गाव रिहे. मुळशीत हाय."

आधी पुढच्या बाकांवरची मुलं हसली, मग मुली तोंडावर हात धरून हसल्या, मग सगळा वर्ग. प्राध्यापक वाईट माणूस नव्हते. त्यांनी नुसतं "हाय?" म्हणून विचारलं आणि हसू दाबलं. त्या दिवसापासून माझं नाव ‘मुळशीत हाय’ पडलं. जिन्यावरून उतरताना, प्रयोगशाळेत परीक्षानळी धुताना, कुणीतरी मागून ते म्हणायचंच.

त्याहून मोठं संकट इंग्रजीचं होतं. प्राणवायू, नत्रवायू, घनता, वेग हे सगळं मला येत होतं. पण इथे सगळं इंग्रजीत चाले. प्राध्यापक फळ्याकडे तोंड करून भराभर बोलत, शेजारचा मुलगा भराभर लिहीत असे, आणि मी पेन उघडून बसलेला. आपण मठ्ठ झालो, इथल्या हवेने आपलं डोकं बंद पडलं, असं मला खरोखर वाटू लागलं. ऑक्सिजन म्हणजे आपला प्राणवायूच, हे सांगायला कुणाला अर्धं मिनिट लागलं असतं. ते अर्धं मिनिट कुणी दिलं नाही.

खोलीत माझ्याबरोबर वेल्ह्याकडचा किसन होता. भूमितीत त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्यालाही हे सगळं सोसावं लागत होतं, पण माझ्यासारखा तो रडला नाही की चिडला नाही. तो फक्त बोलायचा थांबला. जेवताना भाजी नको असेल तर वाढप्यापुढे ताटावर हात आडवा धरायचा. दिवाळीच्या सुट्टीला गेला तो परत आलाच नाही. त्याची गादी जानेवारीपर्यंत गुंडाळून भिंतीशी उभी होती. मग त्याचा मामा आला आणि ती खांद्यावर टाकून घेऊन गेला. किसन काय करतो म्हणून विचारलं, तर म्हणाला, "गुरं बघतुया. बरं हाय त्याचं."

मी टिकलो. कसा ते सांगत बसत नाही. पाठांतर केलं, अपमान गिळले, डिक्शनरी झिजवली आणि काठावर पास झालो. पण किसनची ती गादी माझ्या डोळ्यांपुढून हलेना. पुढच्या जूनमध्ये बोर्डिंगात नवी पोरं आली, तेव्हा रेक्टरांना विचारून मी दर रविवारी जेवणं झाल्यावर त्यांना ओसरीवर बसवायला लागलो. मावळातली, भोरकडची, जुन्नरची पोरं. कुणाच्या अंगावर शाळेचाच सदरा, कुणाच्या पायांत आयुष्यात पहिल्यांदाच वहाणा. मी त्यांना शास्त्रातला मराठी शब्द सांगायचो आणि लगेच त्याचा इंग्रजी जोडीदार. लायब्ररीत पुस्तक कसं मागायचं, समजलं नाही तर तास संपल्यावर प्राध्यापकांना कुठे गाठायचं, चहाला बोलावलं तर बशीत ओतायचा की नाही, सगळं सांगायचो. आणि सगळ्यात आधी, पहिल्याच रविवारी, हे पाठ करून घ्यायचो: हाय नाही, आहे. न्हाई नाही, नाही. हितं नाही, इथे.

ओसरीवर वीस-पंचवीस पोरं एका सुरात "आहे, आहे" म्हणायची. रेक्टर खोलीतून बाहेर येऊन कौतुकाने बघत उभे राहायचे.

त्या वर्षी आमच्याच गावच्या डोंगराच्या अंगाला असलेल्या धनगरवाड्यावरचा मारुती आला होता. त्याचे वडील धोंडिबा शेळ्या-मेंढरं राखायचे, आणि अधूनमधून खतासाठी आमच्या खाचरांत मेंढरं बसवायचे, म्हणून घरोबा होता. धोंडिबांनी मुलाला माझ्या हवाली केलं आणि म्हणाले, "ह्याला तुझ्यावानी कर." मी केलं. खरं तर माझ्याहून चांगलं केलं. मारुतीचे कान तीक्ष्ण होते. एकदा ऐकलेला शब्द तो ज्याच्या तोंडून ऐकला त्याच्या हेलासकट उचलायचा. दिवाळीपर्यंत तो सदाशिव पेठेत जन्मल्यासारखा बोलू लागला. वर्गात कुणी त्याला हसलं नाही. किसन गेला होता, पण मारुती राहिला, याचा मला केवढा अभिमान वाटायचा.

जानेवारीत कॉलेजचं गॅदरिंग होतं. दुपारी विविध गुणदर्शन. मारुतीने नाव दिलं होतं, पण काय करणार ते मला सांगितलं नव्हतं. नेमके त्याच दिवशी धोंडिबा त्याला भेटायला आले. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. मी त्यांना हॉलमध्ये नेऊन मागच्या भिंतीशी माझ्याजवळ उभं केलं.

मारुती स्टेजवर आला तो खांद्यावर घोंगडी टाकून, काठी टेकत. त्याने एका धनगराची नक्कल केली. कोकरू काखोटीला मारून एस.टी.त चढणारा धनगर आणि त्याला अडवणारा कंडक्टर. "मेंढराला बी तिकीट लागतंय व्हय? मग त्याला शीट बी द्या की खिडकीपाशी!" हॉल हशाने कोसळला. त्याचं प्रत्येक ‘हाय’ आणि प्रत्येक ‘न्हाई’ आलं की टाळ्या. पुढच्या रांगेतले प्राध्यापक डोळे पुसत होते. शेवटी कंडक्टर त्या धनगराला मानगूट धरून खाली उतरवतो आणि तो धुळीत बसून आपल्या कोकराची समजूत घालतो, तिथे तर पोरं बाकांवर उभी राहिली.

ही गोष्ट खरी घडलेली होती. मारुतीनेच मला ओसरीवर सांगितली होती, पहिल्या महिन्यात, घरची आठवण येत होती तेव्हा. पण खऱ्या गोष्टीत धोंडिबांना कुणी उतरवलं नव्हतं. त्यांनी असा काही सवाल टाकला होता की कंडक्टर गप्प झाला, गाडीतली माणसं धोंडिबांच्या बाजूने झाली आणि कोकरू पिरंगुटपर्यंत फुकट आलं होतं. सांगताना मारुतीचे डोळे चमकले होते. "माझा बा कुनाला ऐकत न्हाई," असं तो म्हणाला होता, आणि त्या दिवशी मी त्याला ‘न्हाई’वरून टोकलं नव्हतं.

मी धोंडिबांकडे बघायचं टाळत होतो. शेवटी बघितलं. ते हसत होते. तोंड भरून, दात गेलेल्या हिरड्या दाखवत हसत होते. मला वाटलं, यांना कळलंच नाही. बाहेर व्हरांड्यात आल्यावर ते खांबाला टेकले आणि म्हणाले, "कोकराचं तेवढं खोटं सांगितलं त्यानं. मला कुनी उतरीवलं न्हवतं."

म्हणजे कळलं होतं. मी काहीतरी सारवासारव करायला लागलो. नाटकात असं करावं लागतं वगैरे.

"आसंल," ते म्हणाले. "पर लई दिसांनी त्याच्या तोंडनं आपलं बोलनं ऐकलं रं. दिवाळीला आला व्हता तर घरात बी तसलंच बोलला, तुमच्यावानी. त्याची आय बुजली त्याला. भाकर वाढू का म्हनून इचारायची बी चोरी झाली तिला. आज बरं वाटलं."

मारुती बक्षिसाचा कप घेऊन मित्रांच्या घोळक्यात आला. वडिलांना बघून क्षणभर थबकला. मग पुढे येऊन अगदी स्वच्छ भाषेत म्हणाला, "तुम्ही केव्हा आलात?" धोंडिबांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि "मगाशी" एवढंच म्हणाले. घोळक्यातल्या एकाने विचारलं, "मारुती, घोंगडी यांच्याकडूनच आणली होतीस का?" सगळे पुन्हा हसले. मारुतीही हसला. आणि पुन्हा धोंडिबाही.

तुम्ही जे माझ्यासारखे निघून आलात, त्यांना यातलं काही नवीन वाटणार नाही. तुम्ही जे मागे राहिलात, त्यांना वाटेल की हा आता पश्चात्ताप करतोय. तसं नाही. मी रविवारची ओसरी बंद केली नाही. पुढे बी.एस्सी. झालो, पुण्यातच शिकवायला लागलो, तरी बोर्डिंगात जात राहिलो आणि पोरांकडून ‘आहे’ घोटून घेत राहिलो. कारण तसं केलं नाही तर किसन होतो, हे मी बघितलं होतं. केलं तर काय होतं तेही बघितलं. तिसरी वाट कुणी दाखवली असती तर मी तिने गेलो असतो. वर्गातल्या त्या सगळ्या चांगल्या माणसांनी एकदा, फक्त एकदा, हसायचं सोडून दिलं असतं तर ना ‘आहे’ घोटावं लागलं असतं ना बक्षीस मिळालं असतं. पण शहराला ‘तू बदल’ असं सांगणार कोण? बदलायचं ते आम्हीच, आणि मी त्यात पोरांना तरबेज करत होतो.

मारुती इंजिनियर झाला. दूर परप्रांतात पोलादाच्या कारखान्यात आहे. तिथे त्याच्याशी मराठीच कुणी बोलत नाही, म्हणजे हा प्रश्नच मिटला.

मध्ये वडील गेले. खाचरं नामदेवने सांभाळली. गेल्या वर्षी त्याचा मुलगा सोपान मॅट्रिक झाला, माझ्याहून चांगले मार्क पडले होते. कळल्या कळल्या मी रिह्याला गेलो. अंगणात नामदेव आणि दोन शेजारी घोंगडीवर बसले होते. मी वहाणा काढून तिथेच बसायला निघालो, तोवर वहिनीने आतून लोखंडी खुर्ची आणून मांडली. सगळे खाली, मी खुर्चीवर.

मी म्हणालो, सोपानला माझ्याकडे पाठव. बोर्डिंगाची गरज नाही, माझ्या घरी राहील. इंग्रजी मी बघतो, त्याला माझ्यासारखा त्रास होणार नाही. एकदा त्याला सगळं शिकवलं की बघ तो कसा...

नामदेवने मला पूर्ण बोलू दिलं. ज्याच्याबरोबर एका वाकळेत झोपलो, ज्याने मला मारलंय आणि माझ्यासाठी मार खाल्लाय, तो माझा भाऊ जमिनीकडे बघत म्हणाला, "तुमी म्हनताय ते बरुबर हाय. पर ह्याला न्हाई धाडायचा."

"अरे, पण का?"

"एक धाडला तेवढा बास झाला." मग वर बघून, माझी समजूत घालावी तसं म्हणाला, "ह्यो ऱ्हाऊ द्या आमच्याकडं."

सोपान दाराशी उभा होता. त्याला यायचं होतं, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मी आणखी पुष्कळ बोललो. माझी भाषा जितकी शुद्ध होत गेली तितका नामदेव जास्त अदबीने मान हलवत राहिला. शेवटी वहिनीने चहा आणला. बाकी सगळ्यांना पितळ्यांत, मला कपबशीत.

एवढी परक्याची पोरं मी शहरात रुजवली. घरचं एक मला दिलं नाही. मी जाऊन किती सुधारलो, पोटाला किती बरं मिळवतो, याचं नामदेवला कौतुक नाही असं नाही. चारचौघांत तो माझं नाव अभिमानाने घेतो. पण ज्या घरातून मी निघालो त्या घरात आता पोरगं हातचं जाऊ नये म्हणून जेव्हा कुणी काळजी करतं, तेव्हा ते माझ्याकडे बघतं.