सोल ग्रुपचे झीलकरी मामा

माझ्या बायकोच्या मामांनी आयुष्यात क्वचितच एखादं वाक्य स्वतः सुरू केलं असेल; पण दुसऱ्यांची जितकी वाक्यं त्यांनी तडीला नेली, तितके ठराव अमेरिकेच्या संसदेतही तडीला जात नसतील. तरुणपणी नागपुरात ते भीमगीतांच्या गायन पार्टीत झील धरायचे. म्हणजे मुख्य गायकानं ओळ म्हणायची आणि तिचं शेपूट यांनी उचलून आभाळाला लावायचं. पुढे इंजिनियर होऊन ते टेक्ससमध्ये, फ्रिस्कोला आले. पार्टी मागे राहिली, गाणं बंद पडलं. सवय तेवढी सामानातून आली. ऑफिसात मॅनेजर म्हणाला, "वी आर रनिंग लेट," की मामा कळवळून "रनिंग लेट!" म्हणत, आणि आपण काहीतरी थोर बोललो असं मॅनेजरला वाटे. एकदा हायवेवर पोलिसानं थांबवून "सर, यू वर गोइंग टू फास्ट" म्हटलं. मामा इतक्या आर्त स्वरात "टू फास्ट!" म्हणाले, की दंड राहिला बाजूला, पोलिसानं घरी सगळं ठीक आहे ना याची चौकशी केली. "घरात मात्र मी घसा फोडला तरी झील येत नाही," ही मामींची तक्रार.

रिटायर झाल्यावर मामा शनिवारच्या बाजारात भाजी आणायला जाऊ लागले. तिथे एका तंबूखाली चार वयस्कर कृष्णवर्णीय गृहस्थ सोल, म्हणजे त्यांच्या चर्चमधल्या भजनांतून निघालेलं आर्त गाणं, गायचे. वॉल्टर हा त्यांचा मुख्य गायक. जन्मभर शाळेची बस चालवलेला, पहाडासारखा माणूस. त्यानं एक ओळ लांबवून सोडली आणि कोथिंबिरीची जुडी हातात धरलेल्या मामांच्या गळ्यातून, इतक्या वर्षांनी, आपोआप झील निघाली. बाजार वळून बघायला लागला. वॉल्टरनं ओळ पुन्हा टाकली, मामांनी पुन्हा उचलली.

"विच चर्च, ब्रदर?" वॉल्टरनं विचारलं.

"नो चर्च. गायन पार्टी!" मामा म्हणाले.

वॉल्टरला काय समजलं कोण जाणे, पण पुढच्या आठवड्यापासून तालमी मामांच्या गॅरेजमध्ये सुरू झाल्या. मामी चहा करून दमल्या. मग एक दिवस वॉल्टरनं सांगून टाकलं: आता एक गाणं रेकॉर्ड करायचं. ते लोकप्रिय गाण्यांच्या चार्टवर चढलं तर ठीक, नाहीतर ग्रुप बंद. या वयात बाजारात उभं राहून पाय दुखतात. मामांनी त्या दिवशी चहा अर्धा ठेवला. "एक पार्टी सोडून आलो ना बाप्पा," ते मला म्हणाले, "आता ही नाही सुटली पाहिजे."

स्टुडिओत प्रत्येकाला वेगळ्या खोलीत हेडफोन लावून उभं केलं. मामांच्या तोंडून स्वर फुटेना. समोर माणूस नाही, तर झील द्यायची कोणाला? शेवटी पाचही जण एका माइकभोवती उभे राहिले आणि गाणं रंगलं. पण गायन पार्टीचा एक नियम असतो: मुख्य गायकानं हात वर केल्याशिवाय झील थांबवायची नाही. वॉल्टरला बिचाऱ्याला हे ठाऊक नाही. त्याचं गाणं संपलं; मामांचं संपेना. पाहुण्या माणसाला एकटं कसं सोडायचं, म्हणून भिडेखातर वॉल्टर परत गायला लागला, मागोमाग बाकीचेही. वॉल्टरनं घाम पुसायला हात उचलला, तेव्हा कुठे सगळे थांबले. शेवट असाच ठेवायचा म्हणून रेकॉर्डिंगवाला खुशीनं काच ठोकून ओरडला, "डोन्ट टच इट!"

ते न संपणारं शेपूटच लोकांनी उचललं. पोरं फोनवर त्याच्या नकला करायला लागली. मामांची नात किंचाळली, "आबा, यू आर ट्रेंडिंग!" गाणं पहिल्या शंभरात शिरलं, मग पन्नासात. दर मंगळवारी नवा चार्ट यायचा आणि नागपूरपासून सांता क्लारापर्यंतचे नातेवाईक फोनला चिकटलेले असायचे. गावातल्या ज्या मराठी मंडळानं मामांना आजवर फक्त खुर्च्या लावायला बोलावलं होतं, त्यानं घाईघाईनं शाल-श्रीफळ काढलं. अध्यक्ष म्हणाले, "हा आपल्या मंडळाचाच विजय आहे!" मामांनी सवयीनं "विजय आहे!" केलं, आणि अध्यक्षांचं भाषण त्या आधारावर आणखी अर्धा तास चाललं.

गाणं पहिल्या दहात आलं त्या मंगळवारी वॉल्टर गॅरेजमध्ये लहान मुलासारखा नाचला. मामींनाही त्यानं एक गिरकी घ्यायला लावली. पुढचं गाणं तूच पुढे उभा राहून गा, असा त्यानं मामांना आग्रह केला. मामांनी मान हलवली. "पुढे उभं राहिलं का मागचे ऐकू येत नाहीत बाप्पा," ते मला म्हणाले. "मले सगळे ऐकू यायला पाहिजेत."

गेल्या रविवारी ग्रुपला गाण्याच्या दौऱ्यावर नेणारी बस दाराशी आली. मामी बॅगेत लाडू कोंबत म्हणाल्या, "जा एकदाचे. घर शांत होईल." बस गेल्यावर मी त्यांच्याबरोबर गॅरेज आवरायला आलो. तालमीच्या खुर्च्या अजून गोलात तशाच होत्या. मी टेकायला एक ओढली.

"तिच्यावर नको, जावईबापू," मामी म्हणाल्या. "ती ह्यांची आहे."

त्यांनी ती खुर्ची पुसली आणि होती तिथेच ठेवली.