एका छपराखाली दोन मंडळ्या

चर्चचे किस्से जमवावे लागत नाहीत. मंडळी एकदा फुटली की ते आपोआप साचतात, छपरावर पाला साचतो तसे. उंद्री गावात आमची ख्रिस्ती घरं मूठभर, आणि त्यात लुथरन मंडळ्या दोन! एक बिशपवाले, एक आम्ही सिनॉडवाले, म्हणजे निवडलेल्या सभेचे. चर्च एकच. रविवारी ते नऊला, आम्ही अकराला.

सध्या मोठी आई अंथरुणाला खिळली आहे. मोठी आई म्हणजे माझी चुलती. मला तिनेच वाढवलं. तिला जाण्याआधी एकदा प्रभुभोजन हवंय. भाकरीचा तुकडा आणि घोटभर द्राक्षरस, बस. तो कुणी द्यायचा, हे ठरत नाहीये!

*

दोघांत फरक काय, हे मी लहानपणीच विचारलं होतं. बाबा सिनॉडवाल्यांचे सेक्रेटरी.

"त्यांच्यात बिशप सांगन तो पाळक, सांगन तिथं बदली," बाबा म्हणाले. "आपल्यात लोकशाही हाय. अध्यक्ष निवडून येते."

"मग आपला अध्यक्ष कितीदा बदलला?"

"बदलाची गरजच नाही पडली बे!"

*

बिशपवाल्यांनी इथे पाळकबाई नेमली आणि आमचे पंच पेटले. बाई वेदीपाशी उभी राहणार? आमच्यात चालत नाही!

दर शनिवारी ती वेदी पुसतात मात्र आमच्याच बायका. मी आमच्या सर्वांत म्हाताऱ्या पंचांना, डेव्हिडकाकांना, विचारलं, "काका, पुसायला बाई कशी काय चालते?"

काका जराही अडखळले नाहीत. "शनिवारी ते लाकूड असते. रविवारी वेदी होते."

*

बाबांनी मला पाळक करायचं ठरवून बायबल कॉलेजात घातलं. तिथे कळलं की दोन्ही मंडळ्यांचं धर्मशिक्षणाचं प्रश्नोत्तराचं पुस्तक एकच. भाकरीत ख्रिस्ताचं खरं शरीर असतं, हा विश्वासही एकच. मी सरांना विचारलं, "मग एकमेकांच्या पंक्तीला आपण का बसत नाही?"

"कारण एकमत नाही."

"कशावर?"

"विश्वास एकच आहे, याच्यावर."

त्याच आठवड्यात मी बॅग भरली. बाबा अजून लोकांना सांगतात, पोराची तब्येत बिघडली होती.

*

मोठ्या आईचं माहेर बिशपवाल्यांत, सासर आमच्यात. चर्च फुटलं तेव्हा तिनं साधा मार्ग काढला: नऊला जायची, तिथेच बसून राहायची, अकराची उपासना करून घरी यायची. आमच्या पंचांनी तिला बोलावून दम दिला.

"काऊन हो बाई, तुमचं नेमकं कोन्या मंडळीत हाय?"

"मले काय मालूम! मी तं बाकावर बसतो. मंडळ्या माह्या पुढून ये-जा करतात."

हसले सगळे. आणि मग तिला आमच्या प्रभुभोजनातून बंद केलं. आधी एक बाजू निवड, मग ये. तिकडच्यांनीही हेच ऐकवलं. तिनं निवडली नाही. तेव्हापासून दोन्हीकडे प्रभुभोजनाचं ताट तिला न थांबता पुढे जायचं.

*

आता ती घास गिळू शकते की नाही, अशी वेळ आली. आमचे पाळक जळगाव जामोदला असतात. ते फोनवर म्हणाले, कमिटीची परवानगी लागेल. बाबांनी कमिटी बोलावली. मोठं काम केल्यासारखी!

मी सरळ जाऊन पाळकबाईंना घेऊन आलो. त्यांनी बिशपला विचारलं नाही, कुणालाच विचारलं नाही. खाटेपाशी बसल्या, भाकरीची डबी उघडली, प्रार्थना केली. बाबा दारात उभे.

"हे बरोबर नाही होऊन राह्यलं," ते म्हणाले.

"तुम्हीपण या ना, काका," बाई म्हणाल्या. "सोबत घ्या."

"तुमच्या हातून मले चालत नाही."

बाईंनी तुकडा मोठ्या आईच्या ओठांशी नेला. तिनं तोंड मिटलं. या घरात लग्न होऊन आली तेव्हा बाबा शाळकरी पोर होते. तेव्हापासून या दिराच्या आधी ती कधी जेवली नाही.

"भाऊजी जेवले का?"

बाई दाराकडे वळल्या.

"त्याईले द्या पहिले. मंग मी."

तुकडा बाईंच्या बोटांत तसाच. आम्ही सगळे बाबांकडे पाहत राहिलो.

बाबांनी चप्पल घातली. कमिटीची मीटिंग होती, तिच्या परवानगीची.