मागून म्हणणारं माणूस

शेवंताकाकी बुद्धवंदनेची एक ओळ म्हणायची आणि थांबायची. आमच्यात पुढे बसलेला ओळ सांगतो आणि बाकीचे ती मागून म्हणतात, तेव्हा थांबण्यात नवल काहीच नाही. नवल हे, की मागे एकही माणूस नसलं तरी काकी थांबायची. पंधरा-वीस जणांच्या तोंडून ती ओळ पुरी व्हायला जेवढा वेळ लागेल, मोजून तेवढा. मग पुढची ओळ.

महाडजवळच्या नाते गावाच्या पुढे आमची बौद्धवाडी आणि वाडीच्या टोकाला पत्र्याचा विहार. काकी शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. अक्षरओळख नाही. अख्खी वंदना सासऱ्यांच्या तोंडून ऐकून पाठ केलेली, पण आमचा एक उच्चार चुकला तर तिला खपत नसे. मी आठवीत असताना एकदा ऐटीत पुस्तिका उघडून बसले. तिने ती माझ्या हातातून घेतली, मिटली आणि कोनाड्यात ठेवून दिली. म्हणाली, "पुस्तकात बघून जेवतेस काय गो? तोंडात घाल, मंग उतरल पोटात." मला असा राग आला होता! पण महिनाभरात सगळं पाठ झालं.

तिचा आणखी एक नियम होता. वंदना चालू असताना मागे वळून बघायचं नाही. "मागं बघितलं की आकडा दिसतो, नि आकडा दिसला की आवाज बसतो," असं ती म्हणायची. माझ्या लहानपणी हा नियम विनोदी वाटे, कारण मागे विहार भरलेला असायचा. पुढे एकेक घर मुंबईकडे, दिव्याला, विरारला गेलं आणि दारांना कुलपं लागली. जयंतीला सगळे यायचे, गाड्या, स्पीकर, नवे कपडे, नुसती धमाल. वंदना मात्र पाच मिनिटांत उरकायची. दुसऱ्या रविवारी काकी पुन्हा एकटीच सतरंज्या झाडताना दिसायची. सगळ्या अंथरायची हो, एकसुद्धा कमी नाही.

मी तरी कुठे वेगळी? नोकरी लागली, मुलांच्या शिकवण्या सुरू झाल्या आणि मीही महाडला बिऱ्हाड केलं. निघताना काकीने माझा हात धरला. तेव्हाच तिला दम लागायला लागला होता. "सुनंदा, माझ्याच्यानं आता फार दिस व्हायचं नाय. रविवार मोडू नको गो. माझ्यामागं तू म्हनशील ना?" मी म्हटलं, "म्हणेन काकी. दर रविवारी येईन." सहा महिने मी गेलेही. मग कधी पाहुणे, कधी कपड्यांचा ढीग, कधी नुसता कंटाळा. शनिवारी संध्याकाळी तिचा फोन यायचा, "उद्या येतेस ना?" आणि मी थापा मारायला शिकले.

त्या शनिवारी मी ताप आल्याचं सांगितलं. खरं तर दुसऱ्या दिवशी महाडात लग्न होतं आणि मला वाडीतल्या घरी आईच्या ट्रंकेत असलेली जांभळी साडी नेसायची होती. वंदना साडेआठची. दहा वाजता वाडीत शिरलं, साडी काढली आणि मागच्या वाटेने सटकलं की झालं, असा माझा हिशेब. साडी काखेत मारून निघाले, तर विहारातून काकीचा आवाज. कुणीतरी येईल म्हणून ती दीड तास थांबली असणार आणि आत्ता कुठे सुरू केलं असणार.

मी दाराशी गेले. काकी माझ्याकडे पाठ करून, एकटी. समोर मूर्ती, वर बाबासाहेबांचा फोटो, मागे रिकाम्या सतरंज्या. तिने ओळ म्हटली. थांबली. श्वास वाजत होता तिचा. माझे ओठ हलले, देवाशपथ नाही म्हणत, पण खरंच हलले. आवाज मात्र फुटेना. ताप आलेली बाई साडी घेऊन दारात कशी उभी राहणार? तिने दुसरी ओळ म्हटली, पुन्हा थांबली. तेवढ्या वेळात मी दोन पावलं आत टाकायची होती. मी चपला न वाजवता मागे फिरले आणि तोंड लपवत वाट धरली. लग्नात सगळ्यांनी साडीचं कौतुक केलं.

मंगळवारी वाडीतल्या पारूवहिनी बाजाराला आल्या, त्यांच्याबरोबर काकीने गवती चहाची जुडी आणि आल्याचा तुकडा पाठवला होता. निरोप होता, "उकळून पी, घाम येऊ दे." मला तो चहा काही पिववला नाही. जुडी खिडकीतच वाळून गेली. पुढच्या रविवारी नक्की जायचं ठरवलं, त्याच्या पुढच्याही. लाजेने पाय उचलेना आणि दिवस गेले. भाद्रपदात काकीच गेली.

अंत्यविधीला मुंबईहून तीन गाड्या भरून माणसं आली. बौद्धाचार्यांनी ओळ सांगितली आणि मागून केवढा आवाज उठला! चिडले मी. एवढ्या आवाजातला एक, फक्त एक, तिला एखाद्या रविवारी मिळाला असता तर! मग आठवलं, की तो एक माझाच होता, आणि रडू कोसळलं.

पारूवहिनी शेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, "तुला त्या रविवारी बघितलं व्हतं हो तिनं. वळली नाय, फोटूच्या काचेत दिसलीस. मी इचारलं, एकटीच व्हतीस ना आज? तर म्हनली, नाय, दोघी व्हतो आमी. सुनंदा आलीवती."

ताप नव्हता हे ठाऊक असूनही तिने गवती चहा पाठवला होता.

आता मी रविवारी जाते. सगळ्या सतरंज्या अंथरते. एक ओळ म्हणते आणि थांबते, पंधरा-वीस जणांना लागेल तेवढं. मागे काही ऐकू येत नाही. वर फोटोची काच आहे, पण मी तिच्यात बघत नाही. दारात कुणी उभं असलंच, तर त्याला दोन पावलं आत टाकायला वेळ मिळू दे.