घोटावड्याची सेहरी

डॉक्टर परवीनबाईंच्या हाताखाली मी सात वर्षं रक्ताच्या नळ्या सांभाळल्या. त्या सात वर्षांत बाईंनी केलेली सगळ्यात मोठी चूक हीच त्यांची सगळ्यात मोठी कमाई ठरली. बाई स्वतः हे कधी सांगायच्या नाहीत, म्हणून मी, त्यांची लॅबवाली जया, सांगते. मला भीड कमीच आहे.

बाई मूळच्या घोटावड्याच्या. वडील चाँदभाई, गावात किराणा दुकान. बाई पुण्यात डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला असताना चाँदभाई तराजू धरून उभे होते, ते छाती दाबत खाली बसले आणि उठलेच नाहीत. वय बावन्न. तेव्हापासून बाईंच्या डोक्यात एकच भुंगा, की माणसाच्या ताटातलं काही त्याचं हृदय वाचवू शकतं का? रक्तातली चरबी लोखंडासारखी गंजत असावी आणि आवळ्यातलं क जीवनसत्त्व तो गंज रोखत असावं, असा त्यांचा कयास होता. आमच्या पुण्याच्या इस्पितळातल्या मोठ्या साहेबांना तो पोरकटपणा वाटे. १९६३ च्या जानेवारीत ते म्हणाले, "खेड्यातल्या चाळीस माणसांचं उपाशीपोटी रक्त आणा. आकडे नीट आले तर काम पुढे. नाहीतर मुकाट्यानं वॉर्डात या."

आम्ही घोटावडं गाठलं. चाँदभाईंच्या शेजारीण साळूबाई, वय साठीचं, आवाज तालुक्याला ऐकू जाईल असा. त्यांच्या ओसरीवर बाईंनी लोकांना समजावलं, "उद्या मी नऊच्या एसटीनं येईन. तोवर पोटात काही नको."

"म्हंजी कसं?" भिवाजी पैलवानानं विचारलं.

"रोज्यासारखं समजा. पाणी तेवढं चालेल."

"व्हय व्हय," साळूबाई म्हणाल्या. "कमरबीच्या शेजारी जल्म गेला माजा. रोजा मला ठावं न्हाई व्हय?" कमरबी म्हणजे बाईंची आई. बाई निश्चिंत झाल्या. इथंच माशी शिंकली.

दुसऱ्या दिवशी चाळीसच्या चाळीस माणसं रांगेत हजर. रक्त घेतलं, नळ्या गरगर फिरवून रक्तातलं पाणी वेगळं करणाऱ्या यंत्रात घातल्या आणि मी हातानं दांडा फिरवला. वर पिवळसर, स्वच्छ पाणी यायला हवं. पहिल्या नळीत आलं ताकासारखं पांढरं. दुसरीतही तेच. म्हणजे पोटात तूप गेलेलं होतं, आणि तेही भरपूर.

"मावशी, लोकांनी काही खाल्लंय का?" बाईंनी ती नळी उचलून विचारलं.

"आगं, रोजा म्हनलीस ना तू? मग दिस उगवायच्या आदी जेवाय नगं? तुजी आई न्हाई का पहाटं उठून सैपाक करायची? म्या बी पहाटं चारला पंगत उठवली. आंबेमोहराचा भात, वरण, तूप. तवापास्नं कुनी शिताला शिवलं न्हाई. इच्यार!"

सेहरी! रोजा सुरू होण्याआधीचं पहाटेचं जेवण! अख्ख्या गावाला साळूबाईंनी सेहरी जेवू घातली होती. भिवाजी तर छाती फुगवून म्हणाला, "माजा बी कडक रोजा हाय, बाई." मला हसू आवरेना. बाई मात्र पायरीवर डोकं धरून बसल्या. काम संपलं, हे त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं आणि मला स्वतःच्या हसण्याची लाज वाटली.

उरलेल्या नळ्या मी उगाच फिरवत राहिले. आणि बघते तो काय, सगळ्याच पांढऱ्या नव्हत्या! दहा-बारा चांगल्या नितळ निघाल्या. मी बाईंना हाक मारली. त्यांनी नळ्या उजेडात धरल्या आणि एकदम वळून विचारलं, "मावशी, पंगतीत कुणी काय घेतलं, आठवतं का?"

साळूबाईंना रागच आला. "वाडनारनीला इचारतीस व्हय? लिव. भिवाजीनं तीन येळा भात, तूप वरनं मागून. कुशाबानं एकदाच, पन आवळ्याची चटनी वाटीभर. गोजराबाईला आवळा चालत न्हाई, दात आंबत्यात..."

चाळीस ताटं. एकही अडखळ नाही. सोयऱ्यांपैकी कोण काय खातं हे जिला आठवत नाही, तिला आमच्याकडे वाढणारीण म्हणतच नाहीत. तूप सगळ्यांच्याच पोटात होतं, पण नितळ नळ्यांतल्या बहुतेकांनी आवळाही खाल्लेला होता.

बाईंनी साहेबांना काही लपवलं नाही. चूक सांगितली आणि त्या चाळीस ताटांचा तक्ता समोर ठेवला. साहेब आधी तापले, मग बराच वेळ तक्ता वाचत राहिले. "एकदा दिसलं म्हणजे सिद्ध झालं नव्हे," ते म्हणाले. "पुन्हा करा. सेहरीसकट."

मग काय! सहा हिवाळे आम्ही घोटावड्याला गेलो. एकदा आवळ्याची पंगत, एकदा बिनआवळ्याची. वाढायला साळूबाई, मोजायला मी. कुणाचे आकडे कयासाला धरून आले, कुणाचे नाही. आवळ्यानं हृदयरोग टळतो असं बाईंनी कधी छातीठोक म्हटलं नाही, पण प्रश्न शहाणा आहे एवढं साहेबांनी कबूल केलं आणि बाईंना स्वतंत्र खोली मिळाली.

१९६९ मध्ये या कामावरचा शोधनिबंध छापून आला. शेवटी आभारात साळूबाईंचं नाव. बाईंनी ते त्यांच्या ओसरीवर वाचून दाखवलं. साळूबाईंनी कागद उलटसुलट करून पाहिला.

"समद्यांची ताटं हायेत ह्यात. तुजं कुटंय? सा वरसं बगतीया, लोकांना उपाशी ठिवायचं म्हनून तूबी उपाशी." त्यांनी ताट पुढं सरकवलं. भात, तूप, आवळ्याची चटणी. "तुज्या बाचं ताटबी ध्यानात हाय मला. तूप मागून घ्यायचा. आवळा वाडला की भाताखाली लपवायचा. वाटायचं, मला दिसत न्हाई."

बाई हसायला लागल्या. हसता हसता डोळे भरून आले, ते त्यांनी पुसलेही नाहीत. मग आधी आवळ्याची चटणी संपवली आणि पुन्हा वाढा म्हणून ताट पुढं केलं.