सोमवारचा सुतार

बेलवंड्याच्या नाथाजी हवालदाराला आठवड्यातला एकच वार खरा वाटायचा, तो म्हणजे सोमवार. बाकीचे सहा वार देवानं नुसते भरतीला घातलेत, असं त्याचं प्रामाणिक मत होतं.

सोमवार महादेवाचा. कृष्णाकाठच्या त्या साऱ्या टापूत त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. नांगर उभा, मोट उभी, ऐन हंगामात गुऱ्हाळाचा चरकसुद्धा उभा. बैल गोठ्यात बसून रवंथ करतात आणि बाप्ये चावडीपुढं बसून तेच करतात. नाथाजी मात्र अंघोळ उरकायचा, महादेवाला लांबूनच हात जोडायचा, पलटणीतली खाकी हाफपँट चढवायचा आणि गोठ्याच्या पडवीत जाऊन आपली हिरवी पेटी उघडायचा. पेटीत करवती होत्या, रंधा होता, पटाश्या होत्या, गिरमिट होतं. त्यांच्याकडं तो असा बघायचा की, राहीबाईनं एकदा विचारलंच होतं, "आवं, लगीन माझ्यासंगं लागलंय न्हवं तुमचं?"

नाथाजीनं सबंध लढाई सॅपर पलटणीत पूल बांधण्यात काढली होती. इटलीतल्या नद्यांवर जर्मन पूल पाडत जायचा आणि नाथाजी बांधत जायचा. सेहेचाळीस साली तो घरी आला तेव्हा लढाई संपली होती, पण हाताची खाज संपली नव्हती. बेलवंड्यात पूल बांधावा तर गावाला ओढा एकच, त्यातही पावसाळा सरला की शेळ्या चरायच्या. मग ती सगळी विद्या घरावर कोसळली.

पहिले काही महिने त्यानं कापलं काही नाही, नुसतं मोजलं. पेटीत एक पाणसळ होती. काचेच्या नळीत पाणी, पाण्यात हवेचा बुडबुडा; बुडबुडा मधोमध थांबला तर वस्तू सरळ. नाथाजीनं ती पाणसळ राहीबाईच्या चुलीवर ठेवली, उंबऱ्यावर ठेवली, पाटलाच्या बैठकीवर पाटील बसलेला असताना ठेवली, आणि संध्याकाळी जाहीर केलं की बेलवंडं गाव दक्षिणेला कललंय. ऐकून दोन म्हाताऱ्यांना त्या रात्री झोप लागली नाही.

मग वस्तू यायला लागल्या. इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर माणसावर अन्याय होईल. नाथाजीनं केलेली वस्तू कधी मोडत नसे. तीच तर तक्रार होती. त्यानं केलेला पाट उचलायला दोन माणसं लागायची. कोंबड्यांचं खुराडं इतकं भक्कम झालं की कोंबड्याच आत जायला बिचकायच्या. राहीबाईसाठी त्यानं मिठाची पेटी केली. तिचं झाकण असं बसलं की दोन वेळची आमटी अळणी झाली आणि शेवटी ती पेटी पहारीनं उघडली. नाथाजी त्याही वेळी खूष. "बगितलंस? मुंगी जायची न्हाई."

"मुंगीचं ऱ्हाऊ द्या, माझा हात जाईना," राहीबाई म्हणाली.

गावचा खरा सुतार कोंडीबा. साठीचा, काटकुळा आणि कानावर कायम पेन्सिल. खळ्यावरचं बलुतं त्याचं, नांगर-कुळव त्याचे, आणि गावातल्या यच्चयावत पोरांचा पाळणा त्याचा. बेलवंड्यात कोंडीबाच्या नाहीतर त्याच्या बापाच्या पाळण्यात न झोपलेलं माणूस नव्हतं. खुद्द नाथाजीही त्यातच झोपला होता. त्याबद्दल बारशाला सुताराला नारळ आणि फेटा मिळायचा, तो त्याचा मान. त्या पाळण्यांची कुरकुर वेशीपर्यंत ऐकू जायची, हा भाग वेगळा. नाथाजीचा सोमवारचा उद्योग कोंडीबानं इतके दिवस हसण्यावारी नेला होता. खुराड्यावरून कोण भांडणार?

आणि मग नाथाजीची मनू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली.

मनू पायरी चढत होती तेव्हाच नाथाजीनं मनात पाळणा जुळवायला घेतला होता. पहिलं नातवंड. ते दुसऱ्या कुणाच्या पाळण्यात झोपणार, हे त्याच्या डोक्यात बसेना. पण राहीबाईनं आडवा हात घातला. पोर जन्माला यायच्या आधी पाळण्याला हात लावायचा नसतो, अपशकुन होतो. नाथाजी तडफडला. त्यानं बाभळीचे वासे निवडले, त्यांच्याभोवती फेऱ्या मारल्या, त्यांच्यावर नुसती रंध्याची सावली पाडली.

गुरुवारी पहाटे सुईण बाहेर आली आणि म्हणाली, "हवालदार, नात झाली."

नाथाजी म्हणाला, "लांबी किती?"

लगेच त्यानं बोटांवर हिशेब केला आणि त्याच्या अंगावर काटा आला. बारसं बाराव्या दिवशी, म्हणजे सोमवारी. मधले सगळे दिवस घरचं गुऱ्हाळ पेटलेलं. उकळत्या रसाच्या काहिलीपासून हलता येणार नाही. हातात सोमवार एकच.

राहीबाई शेगडीत शेणी घालत होती. तिच्यापुढं उभा राहून तो म्हणाला, "पाळणा म्या करनार."

"कोंडीबानाना करतील की."

"पाळणा म्या करनार."

राहीबाईनं नवऱ्याकडं बघितलं. पन्नाशीला आलेला माणूस, पण डोळे जत्रेतल्या पोरासारखे. तिला एकदम नाही म्हणवेना. "बरं," ती म्हणाली, "पर ऐका. सांगलीकडची विहीणबाई यील बारशाला. तिच्याम्होरं माझी शोभा झाली तर पोरगी कोंडीबानानाच्या पाळण्यात जाईल आनि तुमची ती हिरवी पेटी कराडच्या बाजारात. पुन्यांदा सोमवारी पडवीत ठोकठोक नको. हाय कबूल?"

"कबूल," नाथाजी म्हणाला. तिनं कृष्णा उपसायला सांगितली असती तरी तो कबूल म्हणाला असता.

तो सोमवार नाथाजीच्या आयुष्यात इटलीतल्या कुठल्याही दिवसापेक्षा मोठा होता. तांबडं फुटायला करवत सुरू झाली. भुसा उडाला, ढलप्या उडाल्या, बैल शिंकायला लागले. जेवायला हाक मारली तर त्यानं भाकरी रंध्याशेजारी मागवली, आणि ती खाल्ली की ढलपी, ते त्यालाच सांगता येईना. उन्हं कलली तेव्हा चार खांबांचा भक्कम घोडा उभा होता, आणि चार लोखंडी गजांवर त्याला पाळणा लटकला होता. पाणसळ ठेवली. बुडबुडा मधोमध, हलायचं नाव नाही. नाथाजीला भरून आलं.

आता वजनाची परीक्षा. नात असेल दोन-तीन शेरांची. पण पलटणीचा नियम असा की पुलावरून बैलगाडी जायची असेल तर रणगाड्याचा विचार करावा. नाथाजीनं गुऱ्हाळातल्या गुळाच्या ढेपा आणून पाळण्यात रचल्या. पाळणा करकरला नाही, वाकला नाही. नाथाजीनं शेवटची ढेप ठेवली.

पाळणा हलला.

बोटभरच हलला, इकडून तिकडं, पण हलला. आता ज्या माणसानं उमेदीची वर्षं एकाच धाकात काढली, की बांधलेलं हलता कामा नये, हललं तर माणसं नदीत जातील, त्याला अशा वेळी दुसरं काय सुचणार? नाथाजी तीरासारखा आत गेला, बाभळीच्या दोन पट्ट्या घेऊन आला, आणि घोडा व पाळणा यांच्यामध्ये दोन्ही अंगांना एकेक तिरकी मारली. बोल्ट घातले. नट आवळले. पुन्हा सैल होऊ नयेत म्हणून घणानं त्यांची तोंडं चेपली. मग खांद्यानं रेटा दिला. पाळणा जागचा हलेना. त्यानं खाली बसून बिडी पेटवली आणि सुखानं डोळे मिटले.

राहीबाई दिवा घेऊन आली. पाळणा बघून तिनंही दिवा जवळ धरला, कारण वस्तू खरोखर देखणी होती. तिनं कडेला हात लावला मात्र, आणि चटकन काढून घेतला. "रिकामा पाळणा हालवायचा नसतो. झाकून ठिवा." नाथाजीनं वर धोतर टाकलं. रिकामा पाळणा पुढं आठवडाभर कुणी हलवला नाही, आणि सगळा घोटाळा त्या शहाणपणानंच केला.

बारशाच्या सोमवारी सोपा बायकांनी भरला. विहीणबाई हरणाबाई सांगलीकडून गाडीनं आली होती. बाई मोठी तोलदार, नथीआडून बघायची आणि बघितलेलं लक्षात ठेवायची. तिच्याबरोबर बाळाची आत्या, कानात नाव सांगायला. नाथाजी सोप्याच्या कोपऱ्यात उभा होता, तिथं बाप्यांचं काही काम नसताना.

तेवढ्यात अंगणात कोंडीबा आला. डोक्यावर स्वतःचा पाळणा, काखेत करवत. तो त्यानं भिंतीला टेकवला, घाम पुसला आणि म्हणाला, "काय न्हाई, असाच आनला. वखत-परसंग."

"लागनार न्हाई, नाना," नाथाजी म्हणाला.

"न लागू दे. म्या घुगऱ्या खाया आलोय."

राहीबाईनं धोतर ओढलं. बायका वा वा म्हणाल्या. हरणाबाईसुद्धा म्हणाली, "झ्याक हाय की वो." नाथाजीची छाती इतकी फुगली की सदऱ्याची गुंडी तुटायची बाकी राहिली. मनूनं लेक आत निजवली. एकीनं पाळण्याची दोरी धरली, गाण्याला सुरुवात केली आणि दोरी ओढली.

पाळणा तसाच.

तिला वाटलं, दोरी कुठं अडकली. पुन्हा ओढली. दुसरी मदतीला आली. गाणं पहिल्याच ओळीवर घुटमळलं. दोघींनी पाय रोवून ओढलं तेव्हा घोड्यासकट सबंध पाळणा सोप्यातनं वीतभर सरकला, पण पाळणा म्हणून हलला नाही. पोरगी जागी झाली आणि तिनं टाहो फोडला.

हरणाबाई नथ सावरून म्हणाली, "आमच्याकडं पाळणं हालत्यात. हिकडं पोरगी हालवायची रीत हाय का काय?"

सोपा फुटला. बायका पदर तोंडात कोंबून हसायला लागल्या. राहीबाईचा चेहरा हळदीसारखा झाला. नाथाजीला आता कुठं कळलं की आपण काय केलं, आणि त्याच्या कानशिलातून वाफा निघाल्या. मनूनं पोरीला उचलून घेतलं.

अंगणातून कोंडीबा आत आला, वाकून पाळण्याखाली गेला आणि तिथूनच म्हणाला, "हवालदार, ह्यो पाळणा न्हवं. ह्यो पूल हाय. ह्याच्यावरनं म्हस जाईल, पर पोरगी झोपायची न्हाई."

"नाना, तुमचा पाळणा आत घ्या," राहीबाई म्हणाली. नवऱ्याकडं तिनं बघितलं नाही. बघितलं असतं तर तिला ते बोलवलं नसतं.

"थांब," नाथाजी म्हणाला. तो पडवीकडं धावला. बोल्टांची तोंडं तर त्यानंच चेपली होती, ते सुटणार नव्हते; कापल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. करवत घेऊन तो परत आला, पहिल्या पट्टीवर पातं ठेवलं आणि हात थांबला. आपण बांधलेलं आपल्या हातानं कापायचं, हे त्याला लढाईतही कधी करावं लागलं नव्हतं.

"आबा," मनू म्हणाली, "हिला लय झोप आलीया."

नाथाजीनं करवत ओढली.

"आवं, एका अंगानं कापू नगा," पाळण्याखालून कोंडीबा खेकसला, "झटका बसंल, गज वाकंल."

"मग धरा की त्या अंगाला."

"धरतो कशाला? माझी करवत अंगनात हाय."

मग एका बाजूला हवालदार आणि दुसऱ्या बाजूला सुतार, अशा दोन करवती सुरू झाल्या. भुसा ओटीच्या तांदळावर पडत होता. "सावकाश, गड्या." "तुमीच मागं पडलाय, नाना." "माझं बाभळीचं गाठीचं हाय हितं." "गाठ दोन्हीकडं हाय, म्याच निवडलीया." बायका हसायच्या थांबल्या आणि लग्नाच्या अक्षता टाकायच्या आधी गर्दी टाचा उंचावते तशी उभी राहिली. दोन्ही पट्ट्या एकदमच तुटल्या.

राहीबाईनं भुसा पदरानं झाडला. मनूनं लेकीला आत ठेवलं. दोरी ओढली.

पाळणा गेला आणि आला. पुन्हा गेला आणि आला. कुरकुर नाही, हिसका नाही. तेल लावल्यासारखा गुमान. पोरीचा टाहो हुंदक्यावर आला, हुंदका जांभईवर आला. आत्यानं कानात वाकून नाव सांगितलं, गिरजा. हरणाबाईनं एकदा स्वतः दोरी ओढून बघितली, आणि राहीबाईच्या कानाशी लागून विचारलं, "आमच्या धाकटीलाबी असा मिळंल का?" राहीबाईनं मान ताठ केली. "त्यास्नी सोमवारीच येळ असतो, विहीणबाई. सांगून बगते." हिरवी पेटी कराडच्या बाजारात जाणार नाही, हे नाथाजीला तेवढ्यानं कळलं.

राहिला मान. राहीबाई ताटात नारळ आणि फेटा घेऊन उभी होती, आणि ताट कुणापुढं करावं, हे तिला समजेना.

"पाळणा म्या केलाय," नाथाजी म्हणाला.

"तुमी पूल केला," कोंडीबा म्हणाला. "पाळणा कवा झाला? हालला तवा. कापला कुनी?"

"दोघांनी."

"मग फेटा फाडायचा का?"

नाथाजीनं त्या झोपलेल्या गाठोड्याकडं बघितलं आणि त्याला आनंद इतका झाला होता की भांडण पुढं रेटायला अंगात जागाच उरली नव्हती. फेटा त्यानं स्वतः कोंडीबाच्या डोक्याला बांधला. सवयीनं इतका आवळला की म्हाताऱ्याच्या भुवया वर गेल्या.

बायका घुगऱ्या घ्यायला माजघरात गेल्या तेव्हा सोप्यात हे दोघेच उरले. दोरापेक्षा गज बरा की गजापेक्षा दोर, यावर त्यांची कुजबुजत जुंपली होती. पोरगी उठेल म्हणून आवाज चढवायची सोय नव्हती. राहीबाईनं घुगऱ्यांची पानं आणून दिली. दोघांनी ती घोड्याच्या कडेवर ठेवून उभ्याउभ्याच एका हातानं घुगऱ्या खाल्ल्या. दुसरा हात दोघांचाही पाळण्याच्या दोरीला होता आणि आधी सोडायला कुणीच तयार नव्हतं.