ग्रीनहाऊसमधलं कलम

त्या झाडाला बांधलेल्या पांढऱ्या चिंध्या मी अजून विसरलेलो नाही.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी लेस्टरमध्ये डिटेक्टिव्ह कॉन्स्टेबल होतो. एका घराच्या मागून उग्र वास येतो, असा निनावी फोन स्टेशनला आला. वॉरंट घेऊन आम्ही गेलो. ग्रीनहाऊसमध्ये गांजाचं एकच मोठं झाड होतं आणि त्यावर पाच निरनिराळ्या जातींच्या फांद्या कलम केलेल्या होत्या. घरात राहणारा तरुण इंग्रज होता. "सगळं मीच केलं," एवढंच तो म्हणाला.

मला ते पटलं नाही. माझे वडील कोकणात एका नर्सरीत आंब्याची कलमं बांधायचे. त्याच मजुरीवर मी आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट झालो. इथेही प्रत्येक सांध्यावर तीच धोतराची पट्टी, खालून वर घेतलेले वेढे, टोक आत दाबलेलं. अशी बांधणी मी लहानपणापासून पाहिली होती. चौकशी केली तेव्हा कळलं, की शेजारच्या घरात एक मराठी आजोबा राहतात. त्यांची मुलगी हॉस्पिटलमध्ये नर्स होती. तिच्याकडे कायम राहण्यासाठी त्यांनी केलेल्या अर्जाचा निकाल यायचा होता.

आजोबांना बोलावलं, तेव्हा ती स्टेशनच्या दारात मला म्हणाली, "दादा, बाबांचं नाव आलं तर त्यांना परत पाठवतील. तिकडे त्यांचं कोणी नाहीये."

मराठी येत असलं तरी तपासातला पोलीस म्हणून चौकशीत दुभाष्याचं काम मला करता येत नव्हतं. त्यासाठी एक मराठी शिक्षिका आल्या. टेप सुरू झाली. आजोबा प्रत्येक प्रश्नाला "मला ठाऊक नाही" म्हणत होते. मग मी कलमाच्या सांध्याचा फोटो त्यांच्यापुढे ठेवला. ते वाकून बघत राहिले आणि पुटपुटले, "आता पट्टी सोडायला हवी. रुततेय."

शिक्षिकाबाईंनी भाषांतर केलं नाही. प्रश्न विचारणारे इंग्रज इन्स्पेक्टर पुढच्या प्रश्नाकडे वळले. ते वाक्य कळलेले खोलीत आम्ही तिघेच होतो.

मी म्हणालो, "बाई, ते आत्ता बोलले ते टेपवर सांगा."

"ते स्वतःशीच बोलले हो."

"तरीही सांगा."

आजोबाच म्हणाले, "सांगा बाई. नाहीतर यांची नोकरी जायची."

मग त्यांनी सगळं सांगितलं. "तो पोरगा मला गाडीतून डॉक्टरकडे न्यायचा. एका झाडावर वेगवेगळ्या फांद्या लागतील का, असं त्याने खुणांनीच विचारलं. कसलं झाड ते पानावरून मी ओळखलं होतं. पण साहेब, इथे येऊन दोन वर्षं झाली, मला कोणी एक काम सांगितलं नव्हतं. लेक म्हणते, बाबा तुम्ही बसा."

वय आणि कबुली पाहून त्यांना औपचारिक ताकीद देऊन सोडण्यात आलं. तरुणावर खटला झाला. आजोबांचा अर्ज बरेच महिने लटकला आणि शेवटी मंजूर झाला. मुलगी मात्र माझ्याशी पुन्हा बोलली नाही. तिथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात मी दिसलो की ती जागा बदलून बसे. तिचं चुकलं असं मला वाटत नाही. पण ते वाक्य ऐकूच आलं नाही असं मी दाखवलं असतं, तर पुढे स्वतःच्या कुठल्याच जबाबावर मला निर्धास्तपणे सही करता आली नसती.

त्या केसनंतर एक सवय लागली. समोर कोणी म्हातारा माणूस बसला, की आधी मी विचारायचो, तुम्ही पूर्वी काय काम करत होतात? बहुतेक जण त्या प्रश्नावर सरळ होऊन बसत. घरी त्यांना तो कोणी विचारलेला नसे.