दुसऱ्याचं घर दाखवताना

आधी माफी मागते, मग लिहिते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि तेही शेवटचं वर्ष बाकी ठेवून निघून आलेली. एडवणला आमच्या आळीत माझ्याबद्दल पुष्कळ बोलून झालं आहे. त्यात मी आणखी भर घालावी एवढी माझी योग्यता नाही. तरी जे तिथेच आहेत त्यांच्यासाठी, आणि कोणी जहाजावर, कोणी बडोद्याला, कोणी आखातात गेले त्यांच्यासाठी लिहायचं ठरवलं. काही चुकीचं वाटलं तर लहान समजून सोडून द्या.

निघाले त्या सकाळी बाबा ओट्यावर जाळं शिवत बसले होते. रिक्षा येऊन उभी राहिली. आई माझ्या बॅगेत सुक्या बोंबलांची पुडी कोंबत होती आणि मावशी ती पुडी बाहेर काढत होती, "विमानात वास मारंल गो" म्हणत. बाबांनी मान वर केली नाही. आईला म्हणाले,

"तिला सांग, पावन्यांना घर दाखवायचं तर आपलं हाय. त्याच्यासाठी अमेरिकेला जावं लागत नाय."

मी त्यांच्यापासून दोन हातांवर उभी होते. आई म्हणाली, "ती इथंच हाय. तुमीच सांगा."

"मी सांगितलं ते तिला सांग."

आई खरंच माझ्याकडे वळली. "बाबा म्हनतात..." एवढं म्हणाली आणि पुन्हा पुडी कोंबू लागली.

आमच्याकडे रागावलेला माणूस असाच बोलतो. ज्याच्यावर राग, त्याच्याशी नाही, तिसऱ्याकरवी. आमचे आजोबा म्हणे एकाच होडीत राहून सख्ख्या भावाशी अख्खा हंगाम खलाशाच्या तोंडून बोलले. 'जाळं ओढ म्हणून त्याला सांग.' भाऊ दोरीच्या दुसऱ्या टोकाला. लहानपणी आम्ही ही गोष्ट ऐकून हसायचो.

बाबांचा राग मी मॉर्मन, म्हणजे ख्रिस्ती धर्मातल्या एका अमेरिकन पंथाची, झाले याचा होता. बोईसरच्या कॉलेजसाठी मी तिथून जवळच सालवडला मावशीच्या खोलीत राहायचे. मावशीचे यजमान तारापूरच्या कारखान्यात पाळीवर, मावशी दुसऱ्यांची धुणीभांडी करायला. वर्गात मुली इंग्रजीत बोलू लागल्या की मी वहीत डोकं घालायचे. एका मैत्रिणीबरोबर एका रविवारी भाड्याच्या हॉलमध्ये भरणाऱ्या त्यांच्या सभेला गेले. मोजकीच माणसं होती. पुढच्या रविवारी दारातल्या बाईंनी मला नावाने हाक मारली. माझा विश्वास तिथून सुरू झाला. मोठ्या ग्रंथांचं ज्ञान मला तेव्हा नव्हतं, आताही फार नाही. पण आपल्या साध्या शब्दांत प्रार्थना केली तरी चालते, हे मला कोणी पहिल्यांदा सांगितलं ते तिथे. बाबांना हे नीट सांगता आलं नाही. मी तोंड उघडलं की ते आईकडे बघायचे.

मिशनसाठी, म्हणजे पंथाच्या दीड वर्षाच्या सेवेसाठी, मला अमेरिकेत जिथे पाठवलं तिथे आमच्या पंथातल्या पहिल्या कुटुंबांपैकी एकाचं लाकडी घर आहे, जसं होतं तसं परत उभारलेलं. लांबलांबून लोक ते बघायला येतात. मी आणि माझी जोडीदार सिस्टर कोल त्यांना आत नेतो. ही चूल, हे टेबल, वर पोरांची झोपायची जागा. छातीवर बॅज, त्यावर 'सिस्टर तांडेल'. माझं पहिलं नाव इथे कोणी घेत नाही.

नियम असा की मिशनरीने एकटं राहायचं नाही. जोडीदार कायम नजरेसमोर हवी. सिस्टर कोल स्वभावाने फार चांगली आहे. माझ्या ताटातली आमटी बघून "हे सूप आहे की भाजी?" असं रोज विचारते आणि रोज दुसऱ्यांदा घेते. पण चोवीस तास माणूस सोबत असूनही इतकं एकटं वाटू शकतं हे मला माहीत नव्हतं. एकदा भांडी घासताना नळाच्या कढत पाण्याने हात भाजला आणि मी "आई गं" म्हणाले. ती धावत आली, हातावर पाणी धरलं, मलम लावलं. मला मात्र वाटत राहिलं, मी काय म्हणाले ते या पूर्ण राज्यात कोणाला कळलं नसेल.

सुरुवातीच्या दिवसांत एक गंमत झाली. बर्फ पडत होतं. मी पाहुण्यांना घेऊन त्या घराच्या दाराशी आले आणि सवयीने बूट काढून आत शिरले. मागे वळून बघते तर सगळे पाहुणे पायरीवर बसून बुटांच्या नाड्या सोडताहेत. त्यांना वाटलं, पवित्र जागा आहे, इथला हा नियम असेल. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला वाकता येईना, तर त्याचा मुलगा त्याचे बूट ओढत होता. आमच्या जागेची देखरेख करणारे आजोबा धावत आले. "सिस्टर, हे शेतकऱ्याचं घर आहे. तेसुद्धा बूट घालूनच आत यायचे." सगळे हसले, मीही हसले. पण तो म्हातारा मोजे घालूनच थंड फळीवरून चालत आला. "तुमच्याकडे घरात असंच जातात का?" त्याने विचारलं. मी हो म्हणाले. "मग मला आवडलं," म्हणाला. "वडील काय करतात?" मासेमारी, मी म्हणाले. "त्यांना तुझा अभिमान वाटत असेल." मी त्याला वरची खोली दाखवायला घेऊन गेले.

सोमवारी आमचा मोकळा दिवस. त्या दिवशी घरी व्हिडिओ कॉल करता येतो. आई फोन धरायची तो नेहमी वाकडा, अर्धं छप्पर, अर्धी आई. बाबा तिथेच असायचे. पहिले काही महिने त्यांचा फक्त खोकला ऐकू यायचा. मग हळूहळू शब्द येऊ लागले.

"तिला इचार, तिकडं मासे मिळतात का."

"तिला ऐकू जातंय."

"तू इचार."

आई विचारायची, मी उत्तर द्यायचे, आणि आई ते उत्तर पुन्हा बाबांना सांगायची. सिस्टर कोलला वाटायचं, बाबांना कमी ऐकू येतं. मी तिला खरं सांगितलं नाही, कारण कसं सांगावं हेच कळेना. तिचे वडील दर सोमवारी तिला "राणी" म्हणतात. मला राणी नको होतं. एकदा 'तू' म्हणाले असते तर पुरलं असतं. दीड वर्ष संपून मी दारात उभी राहीन तेव्हाही ते आईकडे बघूनच बोलतील, याची मला भीती वाटू लागली होती.

इकडे उन्हाळा लागला, तिकडे पावसाळा. आषाढात आईने व्हिडिओ बंद केला. रेंज नाही म्हणाली. नुसता आवाज, आणि त्यामागे कोणाचा तरी टीव्ही हिंदीत चाललेला. मी विचारलं, "आई, दर्याचा आवाज कसा नाय येत?" आई म्हणाली, "मावशीकडं आलोय चार दिस." पुढच्या सोमवारीही मावशीकडेच. त्याच्या पुढच्याही. बाबांचं काहीच ऐकू येईना, खोकलाही नाही. मी रात्री प्रार्थनेत त्यांचं नाव घ्यायचे आणि वाईट ते मनात आणायचे नाही, तरी यायचं.

मग एका सोमवारी आईच्या फोनवरून बाबा बोलले.

"बाय, मी बोलतो."

मी उभी राहिले. का ते माहीत नाही.

"घर गेलं," बाबा म्हणाले. "अमावस्येच्या उधानात. आदी पडवी गेली, मग मागची भिंत. मानसं सगळी बाहेर व्हती, कोनाला काय झालं नाय. होडी पन हाय. तुझी आय म्हनते, तिला सांगू नको, ती तिकडं रडत बसंल. मी म्हटलं, तिचं पन घर व्हतं. तिला कळाया पायजे."

 बाबा पुढे सांगत राहिले. सालवडला मावशीच्या चाळीत खोली घेतली आहे. एका बाजूला बिहारचं कुटुंब, दुसऱ्या बाजूला सोलापूरकडचं. माणसं चांगली, डाळ-भात आणून देतात.

"पन मी त्यांच्याशी काय बोलू? माझी हिंदी म्हंजे तुला म्हाईत हाय. दिसभर गप बसतो." मग विचारलं, "तुला तिकडं बोलायला कोन हाय का?"

सिस्टर कोल समोर खिडकीशी पुस्तक वाचत होती. "एक पोरगी हाय," मी म्हणाले. "चांगली हाय. पन आपली भाषा नाय येत तिला."

"हां," बाबा म्हणाले. "मग कठीनच."

देवाबद्दल, धर्माबद्दल त्या दिवशी आमच्यात एक शब्द झाला नाही. पुढेही होईल की नाही, सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखं लोकांना ते लाकडी घर दाखवलं. ते किती जपून ठेवलं आहे हे सांगताना आवाज जरा हलला, तेवढंच.

एडवणला जायचं तर माणूस सफाळ्याला उतरतो. तिथून रिक्षा. जन्मापासून मला घरचं स्टेशन म्हणून तेच माहीत. फोन ठेवायच्या आधी बाबांनी आईला काही सांगायला सांगितलं नाही. मला म्हणाले, "तू येशील तवा सफाळ्याला उतरू नको. पुढं ये, बोईसरला. मी फलाटावर उबा राहीन."